जंतूंची वंशावळ
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णास रुग्णालयातच दुसरा जंतुसंसर्ग जडला, तर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'हा आला कोठून?' त्याचे प्रामाणिक उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

शेजारच्या दोन खाटांवरील रुग्णांत एकाच जातीचा जंतू सापडला, म्हणजे तो एकाकडून दुसऱ्याकडे गेलाच, असे नव्हे. नेहमीची कल्चर तपासणी जंतूचे जणू आडनाव सांगते. जनुकीय क्रमनिर्धारण त्याची वंशावळ सांगते. क्लेब्सिएला जंतूच्या जनुकसंचात 50 लाखांहून अधिक अक्षरे असतात. जंतू वाढताना त्यांतील एखादे क्वचित बदलते. दोन नमुन्यांत मोजक्याच अक्षरांचा फरक असेल तर नाते निकटचे; हजारोंचा असेल तर संसर्ग वेगवेगळे.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात 2011 मध्ये या जंतूने 18 रुग्णांना गाठले. त्यांपैकी 11 दगावले. 6 मृत्यू या संसर्गामुळे झाले. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण आढळला, म्हणून दोहोंचा संबंध संशयास्पद वाटला. क्रमनिर्धारणाने तो सिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिजच्या नवजात शिशु कक्षात स्वच्छतेनंतरही संसर्ग परतला. तो जंतू एका कर्मचाऱ्याच्या अंगावर नकळत वसत होता. उपचार झाले. येथे कोणास दोषी ठरविणे हा हेतू नव्हता, पुढील बालक वाचविणे हा होता.

हे शास्त्र आपल्यालाही परके नाही. 2021 च्या आरंभी महाराष्ट्रात पसरलेला करोनाचा नवा प्रकार पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने याच पद्धतीने अभ्यासला.

आपल्या बीड जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथील रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यातून अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, तेथून छत्रपती संभाजीनगरास जातो आणि पुन्हा गावी परततो. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात उपचार घेतात. रुग्णासोबत जंतूही प्रवास करतो. यास्तव नातेवाइकांना विनंती, की पूर्वीच्या उपचारांचे कागद जपून आणावेत आणि रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत.

देणगीदारांसही नम्रपणे सांगावेसे वाटते, की असे महागडे यंत्र प्रत्येक रुग्णालयात असलेच पाहिजे, असे नाही. नमुने मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतात. मात्र नमुना जपणारे शीतपेटीतील कप्पे, कोणता रुग्ण कोणत्या खाटेवर किती दिवस होता याची चोख नोंदवही आणि प्रत्येक कक्षात वाहते पाणी व साबण येथेच हवेत. त्यांवाचून वंशावळ हाती आली, तरी ती वाचता येणार नाही. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते, साबणावर कोरले जात नाही. परंतु रुग्ण घरी सुखरूप परततो, त्यात त्या दानाचा वाटा मोठा असतो.