एकोणिसावा इलेक्ट्रॉन कुठे जातो?

शाळेत आपण सगळ्यांनी एक ओळ घोकली आहे: पहिल्या कवचात 2 इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 18, चौथ्यात 32. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करायचा आणि दोनने गुणायचं.

आता पोटॅशियम घ्या. अणुअंक 19. पहिल्या दोन कवचांत 10 गेले, उरले 9. तिसऱ्यात 18 ची जागा आहे, म्हणजे 2, 8, 9 यायला हवं. पुस्तकात मात्र 2, 8, 8, 1 असतं. का, असं विचारलं की ‘तेवढं पाठ कर’ हे उत्तर अनेकांना मिळतं. आणि शंका अगदी बरोबर असूनही मुलगा किंवा मुलगी ठरवून टाकते, सायन्स आपलं काम नाही. मला याचाच राग येतो.

सूत्र खोटं नाही. ते कवचाची क्षमता सांगतं, भरण्याचा क्रम नाही. कवचात उपकवचं असतात: एसमध्ये 2, पीमध्ये 6, डीमध्ये 10. तिसऱ्या कवचाचे 18 असे बनतात. शिवाय इलेक्ट्रॉन चित्रातल्यासारखा गोल रस्त्यावरून फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. चौथ्या कवचातल्या एस इलेक्ट्रॉनचा वावर मुख्यतः बाहेर, पण थोडी शक्यता अगदी केंद्रकाजवळचीही असते. तिथे त्याला केंद्रकाची ओढ जोरात लागते. तिसऱ्या कवचातल्या डीपर्यंत ती ओढ आतले 18 इलेक्ट्रॉन फारशी पोचू देत नाहीत. म्हणून पोटॅशियममध्ये चौथ्याच्या एसची ऊर्जा कमी पडते आणि एकोणिसावा तिथे जातो.

बाहेर एकटा इलेक्ट्रॉन, म्हणून पोटॅशियम सोडियमसारखंच वागतं: सुरीने कापता येतं, पाण्यात टाकलं तर पेट घेतं.

विसावा, कॅल्शियमचा, इलेक्ट्रॉनही तिथेच. 21 व्या स्कँडियमपासून डी भरू लागतं. केंद्रकाचा भार वाढतो तसं हे डी ऊर्जेत खाली सरकतं. म्हणून लोखंड इलेक्ट्रॉन गमावतं तेव्हा आधी चौथ्या कवचातले दोन जातात, डीमधले नाहीत. आम्हा प्रोग्रॅमरना शेवटी आलेला आधी बाहेर काढायची सवय. इथे ती चालत नाही.

आता तांबं, अणुअंक 29, वहीत लिहून बघा. क्रमाने गेलात तर चौथ्याच्या एसमध्ये 2 येतील. प्रत्यक्षात तिथे 1 असतो आणि डीमध्ये पूर्ण 10. का, ते प्रश्नोत्तरांत बोलू. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून हवा.