मेन्श म्हणजे आपला माणूस

ठाण्याला आमच्या शेजारी एक बेने इस्रायली आजी राहत. एका इंग्रजी कादंबरीत 'मेन्श' हा यिद्दिश शब्द अडला, तशी मी तडक त्यांच्याकडे गेले. त्या हसल्या. "अगं, मला काय विचारतेस? आमची भाषा मराठीच की!" चूक माझीच होती. यिद्दिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. कोकणातल्या ज्यूंच्या घरात ती कधी नव्हतीच.

मग कोश आणला. यिद्दिशची घडण जर्मन, लिपी हिब्रू, शब्द हिब्रू आणि स्लाव्ह भाषांतलेही. 'मझल' मूळचा राशी-नक्षत्रांचा शब्द, पुढे त्याचा अर्थ झाला नशीब. आपण 'ग्रह चांगले आहेत' म्हणतो, तसंच. मात्र 'मझल तोव' हे परीक्षेला निघालेल्याला म्हणायचं नसतं, पास झालेल्याला म्हणायचं. ते अभिनंदन आहे. 'ओय वेय' म्हणजे 'आई गं!' आणि 'नू?' म्हणजे 'मग?' आपल्या 'मग'मध्ये जेवढे सूर, तेवढे त्या 'नू'मध्येही.

श्लेमील आणि श्लिमाझल ही जोडी तर मला फारच आवडली. ज्याच्या हातून सार सांडतं तो श्लेमील, ज्याच्या अंगावर सांडतं तो श्लिमाझल! आईबापांचा खून करून 'मी अनाथ, दया करा' असं न्यायाधीशांना विनवणं म्हणजे 'खुत्स्पा'. इंग्रजीत गेल्यावर या शब्दाला थोडी कौतुकाची छटा आली. घरच्या भाषेत तो निव्वळ उद्धटपणाच.

आणि मेन्श? जर्मन भाषेत नुसता माणूस. यिद्दिशमध्ये भला, शब्दाला जागणारा. आजी म्हणाल्या, "म्हणजे आपला 'माणूस'च. देवमाणूस नव्हे हो, नुसता माणूस."

जरा थांबून त्यांनी विचारलं, "मग? आता ती बोलतं कोण?"

दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिद्दिश बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख होते. नाझींनी ६० लाख ज्यू मारले, त्यांतले बहुतेक याच भाषेचे. आयझॅक बाशेविस सिंगर यांना १९७८ चं साहित्याचं नोबेल मिळालं ते यिद्दिश लेखनासाठी, पण तोवर त्यांच्या कथांतली पोलंडमधली गावं उरली नव्हती.

आजी काही बोलल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हसिदी पंथाच्या घरांतली मुलं आजही यिद्दिशमध्येच भांडतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, "भांडताना काय म्हणतात गं?"