मासळीची सुरी: आधी दगड, मग पाते

(रेडिओवरील भाषण)



मासळी खाणाऱ्यांच्या घरात विळीचे स्थान इतके अढळ आहे की तिच्या जोडीला एखादी सुरी हवी असे म्हणणे किनारपट्टीवरच्या जाणत्या गृहिणीला अनाठायी वाटण्याचा संभव आहे. आणि सुरमईच्या आडव्या तुकड्या पाडावयाच्या असतील, तर तिचे म्हणणे मलाही निरपवाद मान्य आहे. विळीचे पाते स्थिर असते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि काट्यासकट तुकडा सफाईने पडतो. परंतु घरातल्या लहान मुलासाठी, किंवा दृष्टी मंदावल्यामुळे काटे निवडणे ज्यांना कठीण जाते अशा वडीलधाऱ्यांसाठी, मांसाची अखंड, बिनकाट्याची पट्टी, म्हणजे हल्ली बाजारात जिला ‘फिले’ म्हणतात ती, काढावयाची असते, तेव्हा पात्याला माशाच्या कण्याला लगटून, त्याच्या चढउतारांप्रमाणे किंचित वाकत पुढे सरकावे लागते. आणि हे काम एका जागी घट्ट बसविलेल्या जाड पात्याकडून होत नाही. त्यासाठी अरुंद, पातळ आणि लवचिक पात्याची सुरी लागते. अशी सुरी बेताच्या खर्चात कशी निवडावी आणि तिची धार घरच्या घरी कशी राखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या बाबतीत माझे मुख्य सांगणे असे आहे की खरेदीचा क्रम उलटा करावा: आधी धार लावण्याचा दगड घ्यावा, आणि त्या दगडाला वश होईल अशी सुरी मागाहून निवडावी. कारण कितीही मोल देऊन आणलेली सुरी खवले, काटे आणि पाट यांच्याशी झगडून काही दिवसांतच बोथट होते, आणि त्यानंतर तिची उपयुक्तता तिच्या किमतीवर नव्हे, तर धार पुन्हा चढविण्याच्या आपल्या सोयीवर अवलंबून राहते. अतिकठीण पोलादाच्या महागड्या सुऱ्या धार दीर्घकाळ धरतात हे खरे. तथापि साध्या दगडावर त्यांना सहजासहजी धार येत नाही, आणि काट्याशी गाठ पडली की त्यांच्या कडेचे कण उडतात. म्हणून जी काही रक्कम या कामी काढून ठेवली असेल तिच्यातले रुपयामागे सहा आणे दगडासाठी राखून उरलेल्या दहा आण्यांत सुरी बसवावी, अशी माझी तजवीज आहे.

बेताच्या खर्चात हे साधते, याचे पुष्कळसे श्रेय दोन शोधांना आहे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांना कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत कार्बोरंडम हा पदार्थ गवसला आणि १८९३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. कोणत्याही पोलादाहून कितीतरी कठीण असलेला हा पदार्थ आज लोखंडी सामानाच्या साध्या दुकानात, एक बाजू भरड आणि दुसरी बारीक अशा दुतर्फा दगडाच्या रूपाने, स्वस्तात मिळतो. पुढे १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले, सहसा न गंजणारे पोलाद तयार केले. शेकडा साडेदहाहून अधिक क्रोमियम असलेल्या पोलादावर एक अदृश्य, संरक्षक थर आपोआप धरतो, आणि मिठाच्या पाण्याशी नित्य संबंध येणाऱ्या सुरीला त्याची मोठीच गरज असते. साध्या पोलादाची सुरी धार लवकर घेते, पण मासळी कापून ती तासभर ओली ठेवली तरी तिच्यावर तांबेरा चढतो. यास्तव नवशिक्याने न गंजणारे, मध्यम काठिण्याचे, म्हणजे रॉकवेल मापाने ५४ ते ५७ च्या दरम्यानचे पाते पत्करावे.

आता प्रत्यक्ष दुकानात काय पाहावे? पहिली परीक्षा लोहचुंबकाची. भांड्यांचे जे नेहमीचे स्टेनलेस पोलाद असते त्याला तापवून पाणी देता येत नाही, आणि चुंबक त्याला जवळजवळ चिकटत नाही. अशा पत्र्यातून कापलेली चकचकीत सुरी कितीही स्वस्त असली तरी ती नाकारावी. चुंबक चिकटला म्हणजे सुरी उत्तम ठरली असे मात्र नव्हे; निकृष्टांपैकी काही तेवढ्याने वगळल्या गेल्या, इतकेच. दुसरी परीक्षा लवचिकतेची. पात्याचे टोक लाकडावर टेकवून हलकेच दाबावे: पाते मुठीपासून टोकापर्यंत एकसारखे कमानीत वाकले आणि सोडताच पूर्ववत सरळ झाले, तर ते चांगले, एकाच ठिकाणी मुरडले, किंवा सोडल्यावर किंचितही वाकडे राहिले, तर ते घेऊ नये. तिसरी परीक्षा नजरेची. पाठ डोळ्यांसमोर धरून मुठीकडून टोकाकडे पाहिले म्हणजे पात्यातला पीळ तत्काळ ध्यानात येतो.

लांबी माशावरून ठरवावी. पापलेट, बांगडा, लेपटी यांना १५ सेंटिमीटरचे, अधिक लवणारे पाते पुरते. सुरमई, रावस किंवा घोळ यांच्या मोठ्या नगांसाठी २० सेंटिमीटरचे आणि थोडे ताठ पाते लागते. एकच सुरी घ्यावयाची असेल तर १८ सेंटिमीटरच्या आसपासची घ्यावी. करवतीसारखे दाते असलेली आणि जिला कधीच धार लावावी लागणार नाही अशी जाहिरात केलेली सुरी मासळीच्या उपयोगाची नाही. ती मांस कापीत नाही, फाडते, आणि बोंबलासारख्या पाणीदार माशाचा तर लगदा करून टाकते. मूठ ओल्या हातातही न निसटणारी, खरखरीत आणि बोटांना पात्यावर घसरू न देणारी असावी. फिनलंडमध्ये रोव्हानिएमी येथे १९२८ पासून चालत आलेल्या मार्टिनी यांच्या कारखान्यातल्या भूर्जाच्या मुठीच्या आणि चामडी म्यानाच्या सुऱ्या या कामी नावाजलेल्या आहेत. पण त्या थंड मुलुखाला शोभणारे चामडी म्यान आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि लाकडी मुठीच्या सांध्यात मासळीचा वास मुरतो. आपल्याकडे साधी प्लॅस्टिकची मूठ अधिक किफायतीची.

सुरी घरी आली. आता धारेकडे वळू. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. तो पाण्याने भिजवून वापरावा. मात्र एकदा तेल लावलेल्या दगडावर पुढे तेलच वापरणे इष्ट. ज्यांना दगडाचाही खर्च जड वाटतो, त्यांनी रंगाच्या दुकानातून ४०० आणि १००० नंबरचा वॉटरपेपर आणून काचेच्या सपाट तुकड्यावर पसरावा आणि ओला करून त्याचाच दगड मानावा. एवढेच, की कागदावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढावे, धारेच्या दिशेने ढकलल्यास कागद चिरला जाईल.

पाते दगडाशी किती अंशांत धरावे, ही नवशिक्याची मोठी अडचण असते. मासळीच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंशांचा कोन योग्य, आणि तो साधण्यास कोनमापक नको: पात्याची जितकी रुंदी असेल तिच्या चौथ्या हिश्शाइतकी पाठ दगडापासून वर उचलावी. दोन सेंटिमीटर रुंद पात्यासाठी ही उंची अर्धा सेंटिमीटर होते, आणि आपली तीन नाणी एकावर एक ठेवली म्हणजे साधारण तेवढी भरते. कोन बरोबर आहे की नाही याची शंका असल्यास कडेला शाई फासून दोनचार हात मारावे: शाई अगदी कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर, वरच उडाली तर पाठ फार खाली, आणि केवळ कडेचीच गेली तर पाठ फार वर.

पाते लवचिक असल्यामुळे ज्या भागावर घर्षण चालू असेल त्याच्यावरच दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकी टेकवावी, आणि टोकाशी वळण येताच मूठ किंचित उचलावी. भरड बाजूवर एकाच अंगाने घाशीत राहिल्यावर विरुद्ध अंगाच्या कडेवर धातूची अतिसूक्ष्म, खरखरीत ओठी वळते. पाठीकडून कडेबाहेर अंगठा आडवा सरकवला, उभा कधीच नव्हे, तर ती जाणवते. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागल्याखेरीज बाजू पालटू नये. धार येत नाही अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा दगडात किंवा पोलादात नसते. ते या घाईत असते. नंतर दुसऱ्या अंगानेही तेच करून, बारीक बाजूवर आळीपाळीने आणि उत्तरोत्तर हलक्या हाताने पाते फिरवावे, म्हणजे ती ओठी गळून पडते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून दहापाच वेळा ओढले की काम पुरे. या सर्व क्रियेत कानही साहाय्य करतो: पाते नीट टेकलेले असले की घासण्याचा आवाज एकसारखा येतो, आणि कोन ढळताच तो बदलतो.

धारेची परीक्षा दिव्याखाली करावी. तीक्ष्ण कड प्रकाश परतवीत नाही. जेथे पांढरा ठिपका चमकेल तेथे ती बोथट आहे असे समजावे. मधल्या काळात धार थोडी मंदावली, तर लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी चकाकी नसलेली जी खरखरीत कड असते तिच्यावर चारदोन हात मारले तरी त्या दिवसाचे काम भागते.

सायकलवर चाक बसवून दारोदार येणाऱ्या धारवाल्याला, किंवा पूर्वापार तलवारी उजळीत आलेल्या शिकलगाराला, कोयते आणि विळ्या खुशाल द्याव्या. ही पातळ सुरी मात्र वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकाला देऊ नये. तिची बारीक कड क्षणार्धात तापते आणि पोलादाचे पाणी उतरते; निळसर डाग दिसला म्हणजे तेवढा भाग मऊ पडला, आणि मग तेथे धार टिकत नाही. तसेच कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेवर कापू नये. लाकडी पाट घ्यावा. काम आटोपताच सुरी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसावी, कारण न गंजणारे म्हणविणारे पोलादही मिठाने कालांतराने टोचले जाते.

एवढी निगा राखली तर साधी सुरी कित्येक वर्षे सेवा देईल. पुढेमागे हातात थोडी अधिक रक्कम आली आणि सुधारणा करावी अशी इच्छा झाली, तरी ती नव्या सुरीवर खर्च करण्याची घाई करू नका. आधी अधिक बारीक दाण्याचा दुसरा दगड आणा, आणि सुरी बदलण्याची गरज खरोखरच उरली आहे काय, याचा निर्णय त्यानंतर घ्या.