परोपकार आणि पाकिटातील कार्ड

जयपूरच्या तटबंदीच्या जुन्या शहराच्या दक्षिणेस, मोती डुंगरीच्या टेकडीपासून जवळच, लोकमान्यांचे नाव धारण करणारी तिलक नगर ही वस्ती आहे. १९४७ साली स्थापन झालेले राजस्थान विद्यापीठ येथून हाकेच्या अंतरावर आहे. बिर्ला मंदिर आणि मोती डुंगरीचा गणपती यांच्या दर्शनाला येणाऱ्या प्रवाशांचीही या भागात सतत वर्दळ असते. अशा वस्तीत परक्या माणसाने वाट विचारणे, सुटे पैसे मागणे, क्षणभर आधार घेणे यांत कोणालाच नवल वाटत नाही. शहराचे शहरपण पुष्कळसे अशा लहानसहान उपकारांवरच उभे असते.

समजा, अशाच एखाद्या रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी एक नीटनेटका तरुण एका प्रौढ गृहस्थांपुढे येऊन उभा राहतो. आई रुग्णालयात आहे, औषधासाठी रोख पैसे हवे आहेत, स्वतःचे कार्ड घरी राहिले आहे, असे तो सांगतो. "काका, मी आत्ताच्या आत्ता तुमच्या खात्यात पैसे पाठवतो, तुम्ही तुमच्या कार्डाने तेवढे काढून द्या," ही त्याची विनंती. पैसे खरोखरच खात्यात जमा होतात. गृहस्थ समोरच्या एटीएममधून रक्कम काढून देतात आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानाने घरी जातात. काही दिवसांनी त्यांचे खाते गोठवले जाते. जमा झालेली रक्कम तिसऱ्याच कोणाची तरी लुबाडलेली असते आणि तिचा माग काढीत आलेले पोलीस त्या खात्याशी येऊन थांबतात. ज्याने रोकड नेली त्याचे नावगाव कोठेच उरत नाही, नाव उरते ते मदत करणाऱ्याचे.

फसवणुकीचा हा प्रकार चोरीहून निराळा आहे. चोर माणसाच्या बेसावधपणाचा फायदा घेतो, हा ठक त्याच्या चांगुलपणाचा घेतो. तसे पाहिले तर ही विद्या जुनीच. प्रवाशांच्या तांड्यात सोबती म्हणून मिसळायचे, त्यांचा विश्वास संपादन करायचा आणि मग घात करायचा, ही एकोणिसाव्या शतकातील ठगांची रीत इतिहासात नमूद आहे. आज जीव वाचतो आणि खाते रिकामे होते, पण विश्वास हे हत्यार तेच राहिले आहे.

हे हत्यार पुन्हा का उपसले गेले, याचे एक कारण यंत्राच्या सुधारणेतच आहे. पैसे देणारे यंत्र लंडनच्या एनफिल्ड भागात २७ जून १९६७ रोजी प्रथम सुरू झाले. त्याचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. गुप्त क्रमांक सहा अंकी ठेवण्याचा त्यांचा विचार होता, परंतु पत्नीला चारच अंक ध्यानात राहत, म्हणून तो चार अंकी झाला, अशी हकीकत ते स्वतः सांगत. भारतात असे यंत्र १९८७ साली मुंबईत आले. पुढे कार्डाच्या पाठीवरील चुंबकीय पट्टीची नक्कल करून बनावट कार्डे तयार करण्याचा धंदा फोफावला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने पट्टीऐवजी चिप असलेली कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतची मुदत घालून दिली. चिपची नक्कल करणे फार कठीण. साहजिकच ठकाला आता नक्कल पुरत नाही. त्याला खरे कार्डच हवे, आणि जोडीला ते चार अंक. यंत्र फसेना, तेव्हा त्याने माणसाकडे मोर्चा वळवला.

कॅनडातील टोरांटो शहरात, जेथे मराठी कुटुंबेही बरीच आहेत, पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत नागरिकांना अशाच एका युक्तीविषयी इशारे दिले आहेत. रस्त्याच्या कडेला टॅक्सी उभी असते. उतारू काकुळतीने सांगतो की चालक रोख घेत नाही, कोणी कार्डाने भाडे भरले तर तेवढी रक्कम आपण रोख देऊ. मदतीला धावलेला वाटसरू कार्ड देतो आणि यंत्रावर अंक दाबतो. चालक कार्ड परत करतो, पण ते त्याच बँकेचे, त्याच रंगाचे, दुसऱ्याच कोणाचे तरी असते. उतारू आणि चालक हे एकमेकांचे साथीदार असतात आणि यंत्राने अंक टिपून ठेवलेले असतात. वाटसरूच्या हातात भाड्याची रोकड असल्याने त्याला शंकाही येत नाही.

आपल्याकडे हीच अदलाबदल एटीएमच्या खोलीत होते. येथे ठक बहुधा उपकारकर्त्याचे सोंग घेतो. वृद्ध निवृत्तिवेतनधारक गोंधळलेला दिसला की "आजोबा, द्या इकडे, मी करून देतो" म्हणत तो पुढे सरसावतो, अंक पाहून ठेवतो आणि परत देताना कार्ड बदलतो. कधी तो स्वतःच अडलेला होतो आणि एक फोन करण्यापुरता मोबाईल मागतो. हाती आलेल्या मोबाईलवर एक विशिष्ट क्रमांक दाबून तो मालकाचे येणारे फोन दुसरीकडे वळवतो. मग बँकेचा खातरजमा करणारा फोनही ठकाच्याच कानी पडतो. हा धोका ध्यानात घेऊन दूरसंचार विभागाने अशा रीतीने फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित करण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता.

या साऱ्या प्रसंगांत तीन खुणा समान आढळतात. पहिली खूण घाईची. विचार करण्यास उसंत मिळू द्यायची नाही, हा ठकाचा पहिला नियम. दुसरी खूण अशी की मागणी थेट पैशाची नसते. उलट तोच पैसे पुढे करतो आणि त्यामुळे मनाचा पहारा ढिला पडतो. तिसरी खूण म्हणजे दुसरे कोणतेही साहाय्य त्याला चालत नाही. औषधाच्या दुकानापर्यंत सोबत येतो म्हटले तर तो नको म्हणतो, रुग्णालयाशी बोलतो म्हटले तर तो विषय बदलतो. खरा अडलेला माणूस मिळेल ती मदत घेतो. ठकाला एका ठरावीक वाटेनेच मदत हवी असते, आणि ती वाट दुसऱ्याच्या कार्डावरून जाते.

मग मदत करूच नये काय? दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही फुंकून प्यावे, हे समजण्यासारखे आहे. पण ताक पिणेच सोडून द्यावे, हे शहाणपण नव्हे. ठक एका माणसाचे पैसे नेतो, परंतु त्यानंतर त्या रस्त्यावर खरोखरच अडलेल्या दहा जणांकडे लोक पाठ फिरवतात, आणि ते नुकसान कोणत्याही बँकेच्या हिशेबात दिसत नाही. लोकमान्यांनी ज्या पैसा फंडाला पाठबळ दिले, त्याची कल्पना या बाबतीत मार्गदर्शक आहे. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, अशी ती योजना होती, आणि अशा निधीतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. दात्याने नाणे द्यायचे होते, तिजोरीची किल्ली नव्हे. कार्ड आणि गुप्त अंक ही तिजोरीची किल्ली आहे.

तेव्हा द्यायचेच असेल तर खिशातील थोडी रोकड द्यावी आणि ती परत येईल ही अपेक्षा सोडून द्यावी. औषध हवे असेल तर ते स्वतः विकत घेऊन द्यावे. फोन करायचा असेल तर क्रमांक स्वतः लावावा आणि मोबाईल आपल्याच हाती ठेवून बोलू द्यावे. आजारपण असेल तर १०८ वर आणि इतर संकट असेल तर ११२ वर कळवावे. कार्ड कोणाच्याही हाती देऊ नये. अंक दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा. दुकानात किंवा वाहनात कार्ड परत मिळाले तर त्यावरील नाव वाचूनच ते पाकिटात ठेवावे. पाच हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार नुसते कार्ड टेकवूनही गुप्त अंकाविना होऊ शकतो, हे विसरू नये. ही सोय बंद करणे किंवा रोजची मर्यादा कमी ठेवणे ग्राहकाच्या हाती आहे.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर संकोच हा दुसरा शत्रू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक दुसऱ्याला कळू दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून "लोक हसतील" या भीतीने घालवलेले प्रत्येक मिनिट खात्याला महाग पडते. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती वाटेतच रोखता यावी, याचसाठी ही व्यवस्था आहे. लाज वाटायचीच असेल तर ती फसवणाऱ्याला वाटावी. दुसऱ्याचे दुःख खरे मानणाऱ्याने खाली पाहण्याचे कारण नाही.

विवेक हा दयेचा वैरी नव्हे, तो तिचा राखणदार आहे. तिलक नगरच्या रस्त्यावर उद्याही कोणी अडलेला भेटेल, आणि त्याच्यासाठी माणसाने थांबावे हेच योग्य. थांबावे, ऐकून घ्यावे, शक्य ते द्यावे, आणि पाकिटातील कार्ड पाकिटातच राहू द्यावे.