चौघांची होडी



मी पिंपरी पेंढारचा. आमच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि चिल्हेवाडी अशी धरणं आहेत. पाण्याला तोटा नाही. पण शर्यत म्हटली की आमची मान वळते ती बैलगाड्याच्या घाटाकडे. गाड्याला चार बैल, पुढं जुकाटाची जोडी, मागं धुरेची, आणि निकाल सेकंदांवर. चार नामांकित बैल विकत आणून जुंपले म्हणून बारी चांगली पळत नाही, हे घाटावरचा कुणीही म्हातारा सांगेल. एकाची झेप लांब आणि शेजारच्याची आखूड असली, की गाडा वाकडा गेलाच.

आज सांगायचंय ते पाण्यावरच्या चौघांबद्दल. २०१८ची आशियाई क्रीडा स्पर्धा इंडोनेशियात झाली. रोइंगच्या, म्हणजे वल्हवण्याच्या शर्यती पालेमबांगला होत्या. २४ ऑगस्टला क्वाड्रुपल स्कल्स या प्रकारात भारताला सोनं मिळालं. या प्रकारातलं ते आपलं पहिलंच आशियाई सुवर्ण. होडीत चौघं जण होते. स्वर्ण सिंग आणि सुखमीत सिंग हे पंजाबचे, ओमप्रकाश राजस्थानचा आणि आपला दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. चौघेही सैन्यातले.

तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. वडील विहिरी खोदायचे, त्यांच्या हाताखाली दत्तूही खोदायचा. वडील गेल्यावर घर त्याच्यावर आलं. पेट्रोल पंपावरही त्याने काम केलं. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि उंची, बांधा बघून वरिष्ठांनी त्याला रोइंगला घातलं. पुण्यात दापोडीला सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे, तिथं तो घडला. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं तो स्वतःच सांगतो. विहिरीत पाणी लागावं म्हणून घाम गाळणाऱ्या माणसाला एवढं पाणी एकदम बघून धडकी भरली असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही. चारच वर्षांत, २०१६ला, तो रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या होडीत उतरला. आई गंभीर आजारी असताना गेला आणि तेरावा आला.

एकट्याची होडी आणि चौघांची होडी यांत मात्र मोठं अंतर आहे. चौघांच्या होडीत प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असतात. अंतर दोन हजार मीटर. मच्छीमार बोटीवर तांडेल असतो. त्याची नजर पुढं आणि शब्द त्याचा. इथं असा कुणी नाही. चौघेही शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतात, आणि दिशा सांभाळायची तीही वल्हवता वल्हवता त्यांच्यातल्याच एकाने. होडीच्या मागच्या टोकाला बसलेला ताल धरतो. बाकीचे तिघे समोरच्याच्या पाठीकडे बघत तो उचलतात. खालची बैठक रुळांवर सरकते, त्यामुळे खरा जोर पायांचा लागतो. वल्हं पाण्याबाहेर काढल्यावर एखादा घाईने सरकला, तर त्याच्या अंगाच्या वजनाने होडीचा वेग मोडतो. नियमाप्रमाणे रिकाम्या होडीचं वजन किमान बावन्न किलो भरलं की पुरे. एवढ्या हलक्या होडीत चार धिप्पाड गडी बसलेले, त्यामुळे एकाची चूक चौघांना लगेच कळते.

त्यात या होडीतले दोघे मुळात एकट्याने वल्हवून नाव कमावलेले. दत्तू रिओचा, तर स्वर्ण सिंग २०१२च्या लंडन ऑलिंपिकचा. एकटा असताना माणूस आपल्या दमाप्रमाणे वेग राखतो, मनात येईल तिथं जोर काढतो. चौघांत बसल्यावर सगळ्यांत ताकदवानालाही हात आवरावा लागतो. मला विचाराल, तर हे जोर लावण्यापेक्षा अवघड आहे.

आदल्या दिवशी तर भारताच्या रोइंगचं सगळंच फसलं होतं. एकट्याच्या अंतिम शर्यतीत दत्तू शेवटचा, सहावा आला. अंगात ताप होता आणि होडी उलटली, असं त्याचं म्हणणं. भारतीय रोइंग महासंघाला ते पटलं नाही. शर्यत मध्येच सोडल्याचा ठपका ठेवून २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली गेली आणि २०२०च्या सुरुवातीला ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. कागदावरचा हा हिशेब कसा जुळवायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण त्या सहाव्या नंबरानंतर एका रात्रीतच तो चौघांच्या होडीत बसला. वेळ नोंदली गेली सहा मिनिटं सतरा सेकंद आणि वर तेरा शतांश. यजमान इंडोनेशिया जवळपास साडेतीन सेकंद मागं, थायलंड त्याच्याही मागं. घाटावर साडेतीन सेकंदांत काय होतं, हे माझ्या श्रोत्यांना सांगायला नको.

पुढची आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझौला झाली. याच प्रकारात भारताला कांस्य मिळालं. त्या होडीत जुन्या चौघांपैकी एकटा सुखमीत उरला होता. सतनाम सिंग, परमिंदर सिंग आणि जाकर खान हे तिघेही नवे.