यंत्र कुणाच्या हातात?
(देवनार येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांपुढे माणूस टिकेल का, ही धास्ती आज कारकुनापासून संगणकावर काम करणाऱ्या मुलांपर्यंत सगळ्यांनाच आहे. मी देवनारच्या वस्त्यांत काम करते. म्हणून हा प्रश्न मी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बाजूने मांडणार आहे.

देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. शहराने टाकून दिलेल्या कचऱ्यातून काच, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने. त्याही बहुतेक दलित आणि मुस्लिम कुटुंबांतल्या. जानेवारी २०१६ च्या मोठ्या आगीनंतर पहारा वाढला, आत जाणे अवघड झाले. म्हणजे बाईच्या पोटावर पाय आला तो एका सरकारी निर्णयाने. तेव्हा तिथे बुद्धिमान यंत्र नव्हते.

आता यंत्राकडे पाहू. कचरा पट्ट्यावरून सरकतो. वर कॅमेरे आणि डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. ओळखलेली वस्तू हवेच्या झोताने बाजूला उडते. या वेगाशी बाईने बरोबरी करावी असे मी म्हणणार नाही. काळे प्लास्टिक मात्र अशा बऱ्याच यंत्रांना नीट दिसत नाही, कारण त्यातली काजळी ते किरण शोषून घेते. आपली बाई तेच प्लास्टिक वाकवून, वाजवून ओळखते. शिवाय यंत्राला आधी शिकवावे लागते. हजारो चित्रांवर माणसांनीच ‘ही बाटली, हा पुठ्ठा’ अशा खुणा केलेल्या असतात.

पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. उद्या यंत्र काळे प्लास्टिकही ओळखेल. तेव्हा आपण काय म्हणणार?

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. पुढे वेगवान यंत्रे आली, कामाची फेररचना झाली, आणि बाया कमी होत गेल्या. त्यांचे हात काही अडाणी झाले नव्हते. नव्या यंत्रावर कोण उभे राहणार, हे ठरवताना त्यांना कुणी विचारले नाही.

याउलट पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच वेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार केला. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. सुक्या कचऱ्यावर वेचक बायांचा पहिला हक्क. निवड केंद्र चालवायला द्यायचे तर आधी त्यांच्या गटांना. कोट्यवधींच्या उलाढालीची अट घालून त्यांना दारातच अडवायचे नाही. यंत्र येणार असेल तर ते चालवण्याचे, दुरुस्त करण्याचे शिक्षण त्याच बायांना. जिचे काम जाईल तिला पर्यायी काम मिळेपर्यंत भत्ता.

यंत्राने बाईचे वाकणे, हाताला काच लागणे, दुर्गंधीत उभे राहणे वाचवले तर आपण त्याचे स्वागतच करू. पण कष्ट वाचवता वाचवता भाकरीही गेली, तर ती प्रगती कुणाची?

इथून गेल्यावर एक काम करा. आपापल्या वॉर्डात सुका कचरा कुणाला दिला जातो, कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर हातात घेऊन मगच पुढच्या बैठकीला या.