ड्रायव्हर आणि गार्ड यांची भाषा



आगगाडी स्टेशनांतून हलते त्या क्षणापासून मुक्कामाला पोहोंचेपर्यंत तिच्या दोन टोकांना असलेलीं दोन माणसें एकमेकांशीं बोलत असतात. उतारूंना त्यांतील एखादी शिट्टी ऐकूं येते, एखादी हिरवी झेंडी दिसते. परंतु हें संभाषण आहे, त्याला स्वतःचें व्याकरण आहे आणि त्यांतील एका शब्दाचा अनर्थ झाला तर शेंकडों जीव संकटांत पडतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय हा संवादच आहे.

प्रथम या दोघांतील अंतर लक्षांत घ्यावें. चोवीस डब्यांची उतारूंची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. मालगाडी तर कित्येकदां त्याहूनही लांब. पुढच्या ड्रायव्हरला सिग्नल दिसतात, रूळ दिसतात; परंतु मागें एखादा डबा सुटला, एखाद्या चाकाचा आंस तापून धूर निघूं लागला, तर तें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. मागच्या गार्डाला गाडीची पाठ दिसते. पुढें गाडी कां थांबली, हें त्याला दिसत नाहीं. म्हणजे गाडीचें संपूर्ण चित्र कोणा एकाच्या डोळ्यांपुढें कधींच नसतें. दोघांचें अर्धें अर्धें ज्ञान जोडावें तेव्हां तें पुरें होतें. हल्लीं ड्रायव्हरास लोको पायलट म्हणतात आणि २०२२ सालापासून गार्डास ट्रेन मॅनेजर असें नांव मिळालें आहे. नांवें बदललीं तरी कामाचें मर्म तेंच आहे.

रेल्वेच्या आरंभीच्या काळांत इंग्लंडमध्यें ही जोडणी मोठ्या अडाणी उपायांनीं करीत असत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें इंजिनाच्या कोळशाच्या डब्यावर मागें तोंड करून एक माणूस बसविला होता. गाडीकडे सतत पाहत राहावें आणि कांहीं विपरीत दिसल्यास ड्रायव्हरला सांगावें, एवढेंच त्याचें काम. ऊन, पाऊस, धूर आणि ठिणग्या सोशीत तो बसे. पुढें डब्यांच्या बाहेरून दोरी नेऊन तिच्या टोकाला घंटा बांधण्याची युक्ति निघाली. १८६८ सालच्या कायद्यानें, २० मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या गाड्यांत उतारूंना रेल्वेच्या नोकरांस खबर देतां येईल असें साधन ठेवणें सक्तीचें झालें. परंतु लांब दोरी ढिली पडे आणि ऐन वेळीं घंटा वाजतच नसे.

आपल्या देशांतील रेल्वेनें शिट्टी, झेंडी आणि कंदील यांची भाषा नियमबद्ध केलेली आहे. गाडी सुटण्याची वेळ झाली कीं गार्ड दिवसा हिरवी झेंडी आणि रात्रीं हिरवा दिवा दाखवितो. पुढचा सिग्नल मोकळा असला तरी गार्डाची ही खूण मिळाल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी हलवावयाची नसते. खूण मिळत नसेल तर तो दोन आंखूड शिट्ट्या देऊन ती मागतो. एक लांब आणि एक आंखूड शिट्टी म्हणजे 'ब्रेक सोड'. एक लांब आणि दोन आंखूड म्हणजे 'इंजिनाकडे ये'. तीन आंखूड शिट्ट्या ऐकतांच गार्डानें तत्काळ आपला ब्रेक लावावयाचा. कारण तिचा अर्थ असा कीं, गाडी ड्रायव्हरच्या हातांत राहिलेली नाहीं. आणि चार आंखूड शिट्ट्या ही सर्वांत गंभीर खूण आहे : गाडी पुढें जाऊं शकत नाहीं, मागच्या बाजूनें तिचें रक्षण कर.

या चार शिट्ट्यांचा अर्थ नीट समजावून घेण्यासारखा आहे. गाडी मध्येंच अडली म्हणजे पाठीमागून दुसरी गाडी येऊन आदळूं नये ही चिंता पहिली. अशा वेळीं गार्ड हातांत धोक्याची खूण घेऊन रुळांच्या कडेनें मागें चालूं लागतो. ब्रॉडगेजवर ६०० मीटरांवर एक आणि १२०० मीटरांवर, दहा दहा मीटरांच्या अंतरानें, तीन फटाके त्यानें रुळावर बसवावयाचे असतात. चाक त्यांवर चढतांच स्फोट होतो आणि येणारा ड्रायव्हर सावध होतो. रात्र असो, मुसळधार पाऊस असो, ही सव्वा किलोमीटरची वाट त्याला एकट्यालाच चालावी लागते. पुढच्या माणसानें चार वेळां शिट्टी वाजविली, एवढाच त्याला आलेला निरोप. परंतु तेवढ्या निरोपावर तो उतरून चालूं लागतो.

घाटांत या भाषेचें मोल अधिकच वाढतें. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटांत सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. जड गाडीला वर चढवावयाचें तर कर्जतला मागें मदतीचीं इंजिनें जोडावीं लागतात. पुढचें इंजिन ओढणार, मागचीं ढकलणार; पण एकानें आधीं जोर लावला आणि दुसरें स्वस्थ राहिलें, तर मधल्या जोडण्यांवर भलताच ताण येतो. म्हणून पुढचा ड्रायव्हर एक आंखूड शिट्टी देऊन 'मी तयार आहें' असें कळवितो, मागचा तशीच शिट्टी देऊन 'मीही तयार आहें' म्हणतो, आणि मगच गाडी हलते.

या सर्व खुणांच्या जोडीला आणखी एक मूक संभाषण चालूं असतें, तें ब्रेकच्या नळीचें. ही नळी इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत अखंड गेलेली असते. तींतील दाब दाखविणारें यंत्र दोघांच्याही समोर असतें. गार्डानें आपली झडप उघडली, उतारूनें सांखळी ओढली किंवा गाडी मध्यें तुटली, तर दाब उतरतो. ड्रायव्हरपुढचा कांटा खालीं येतो आणि ब्रेक आपोआप लागूं लागतात.

आज सहज वाटणाऱ्या या 'आपोआप' शब्दासाठीं मोठी किंमत द्यावी लागली आहे. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडमधील आर्मा गांवाहून मुलांना सहलीला घेऊन निघालेली गाडी चढावर अडली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं न्यावा असें ठरलें. त्या गाडीचा ब्रेक असा होता कीं, नळी सुटतांच मागच्या डब्यांवरील त्याची पकड नाहींशी होई. मागच्या भागास आधार उरला तो गार्डाच्या हातब्रेकचा आणि चाकांखालीं ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग सुटतांना किंचित् मागें सरकला, त्याचा धक्का बसला, दगड चुरले आणि मागचे डबे उतारावरून धांवत सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर ते आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून उतारूंच्या गाड्यांना संबंध तुटतांच आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

मुंबईच्या लोकल गाड्यांत ३ फेब्रुवारी १९२५ पासून विजेचें युग सुरू झालें. तेथें दर दोन चार मिनिटांनीं स्टेशन येतें. म्हणून मोटरमन आणि गार्ड यांच्यामध्यें घंटेची भाषा आहे. दोन ठोके म्हणजे 'चल', एक ठोका म्हणजे 'थांब'. ऐकणाऱ्यानें तेच ठोके परत वाजवून आपण ऐकलें हें कळवावयाचें असतें. आतां लांब पल्ल्याच्या गाड्यांवर दोघांपाशीं बिनतारी बोलण्याचीं यंत्रेंही असतात आणि प्रत्यक्ष शब्दांत बोलतां येतें. तरीही झेंडी आणि शिट्टी यांना रजा मिळालेली नाहीं. यंत्राची वीज संपते, डोंगराआड आवाज पोहोंचत नाहीं. अशा वेळीं जुनी भाषाच कामास येते.

लौकिकांत मौन हें संमतीचें लक्षण मानतात. रेल्वेंत मात्र नियम नेमका उलटा आहे. स्टेशन ओलांडतांना ड्रायव्हर आणि गार्ड एकमेकांना 'सर्व ठीक' अशी खूण करतात. गार्डाची खूण दिसली नाहीं, तर सर्व ठीक असेल असें ड्रायव्हरनें समजावयाचें नसतें. शिट्टी देऊन विचारावयाचें, आणि तरीही उत्तर न आलें तर गाडी थांबवून शोध घ्यावयाचा. आर्माच्या ब्रेकची नळी सुटली तेव्हां मागचे डबे मोकळे झाले. आजच्या ब्रेकची नळी सुटली तर गाडी जागच्या जागीं उभी राहते. त्या ब्रेकला मौन म्हणजे मोकळीक वाटे, याला तोच धोक्याचा इशारा वाटतो. आर्मानंतरची सारी सुधारणा या एका फरकांत आहे. एखाद्या लहान स्टेशनावरून गाडी न थांबतां धडधडत जाते तेव्हां मागच्या डब्यांतून बाहेर आलेला एक हात क्षणभर हिरवी झेंडी हालवितो आणि आंत जातो. तिकडे दूर पुढें कोणीतरी ती पाहिलेली असते, म्हणूनच आंतील माणसें निर्धास्त झोंप घेऊं शकतात.